नियम शासनाचा, रोष मात्र गल्ल्यावरच्या माणसावर

नवी दिल्ली : १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पेट्रोल पंपांवर एक नवा नियम लागू झाला. दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांना इंधन द्यायचे नाही, असा तो नियम होता. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने त्याचे निर्देश एप्रिलमध्येच दिले होते. पंपावर बसविलेले कॅमेरे वाहनाचा क्रमांक वाचणार, ‘वाहन’ या राष्ट्रीय माहितीसंचाशी तो पडताळून पाहणार आणि वाहनाचे वय उलटून गेले असेल तर तशी सूचना पंपावर मिळणार, अशी ही यंत्रणा होती. त्यानंतरचे काम माणसाचे होते. हातात नोझल धरून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने वाहनधारकाला ‘तुम्हाला इंधन मिळणार नाही’ असे सांगायचे होते.

हा नियम त्या कर्मचाऱ्याने केलेला नव्हता. त्यामागे राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४ व २०१५ चे आदेश होते, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश होता आणि वैधानिक आयोगाचे निर्देश होते. वाहनधारकाची गाठ मात्र यांपैकी कोणाशीही पडत नव्हती. त्याच्यासमोर होता तो मासिक पगारावर काम करणारा पंपावरचा माणूस. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते अशाच ठिकाणी.

जनक्षोभ इतका वाढला की दिल्ली सरकारनेच आयोगाला अंमलबजावणी थांबविण्याची विनंती केली आणि ८ जुलै रोजी ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. १२ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ वयाच्या आधारे वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. १७ डिसेंबर रोजी त्या आदेशात बदल झाला आणि हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते राहिले. दुसऱ्याच दिवसापासून दिल्लीत प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राशिवाय इंधन न देण्याचा वेगळा नियम लागू झाला. सहा महिन्यांच्या आत एकाच पंपावर नियमाची इतकी रूपे आली आणि प्रत्येक वेळी ते ग्राहकाला समजावून सांगण्याची पाळी त्याच माणसावर आली.

अंमलबजावणी दुकानापर्यंत का येते?

दिल्लीचे उदाहरण ताजे असले तरी एकमेव नाही. औषधविक्रेता चिठ्ठी मागतो, सराफ पॅन क्रमांक विचारतो, किराणा दुकानदार पिशवी नाकारतो, रास्त भाव दुकानदार अंगठा लावायला सांगतो, पानटपरीवाला वय विचारतो. प्रत्येक ठिकाणी शासनाचा नियम विक्रेत्याच्या तोंडून बोलला जातो.

यामागचे कारण प्रशासकीय सोयीत आहे. कोट्यवधी ग्राहकांवर लक्ष ठेवणे कोणत्याही शासनाला अशक्य असते. विक्रेत्यांची संख्या त्या मानाने मर्यादित असते, त्यांचा पत्ता ठाऊक असतो आणि अनेकांकडे शासनाने दिलेला परवाना असतो. परवाना असलेल्या माणसाला तो गमावण्याची भीती असते. त्यामुळे कायदे करणारे नियमाचा भार खरेदी करणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर टाकतात आणि शिक्षेचा रोखही त्याच्याकडेच ठेवतात.

रोख रकमेचा नियम याचा स्पष्ट नमुना आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली. नियम मोडल्यास दंड किती, तर स्वीकारलेल्या रकमेइतका. हा दंड रोख देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला आहे. दोन लाखांवरील खरेदीसाठी पॅन क्रमांक घेण्याचे बंधन १ जानेवारी २०१६ पासून आहे. लग्नाचे दागिने घ्यायला आलेल्या कुटुंबाला हे प्रश्न अविश्वासाचे वाटतात. वस्तुतः ते विचारले नाहीत तर अडचणीत येणारा पेढीचा मालक असतो आणि त्याला जबाब द्यावा लागणारा गल्ल्यावरचा नोकर असतो.

तंबाखूच्या बाबतीत कायदा आणखी पुढे जातो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ग्राहक अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावरच टाकली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकाला तंबाखू वा मादक पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवर वय विचारल्याचा एखाद्या तरुणाला अपमान वाटतो. तो प्रश्न गिळून टाकण्याची किंमत टपरीवाल्याला एवढी मोजावी लागू शकते.

लाल चौकटीमागचे कारण

सर्वाधिक वाद होतात ते औषधांच्या दुकानात. ताप उतरत नाही, डॉक्टरांचे शुल्क परवडत नाही किंवा दवाखाना बंद झालेला असतो. मागच्या वेळी घेतलेल्या गोळीची रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी मागणे अशा वेळी स्वाभाविक वाटते. विक्रेत्याने नकार दिला की ‘पैसे देतो ना, मग द्यायला काय होते?’ हा प्रश्न ठरलेला असतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे आहेत. नियमांतील ‘अनुसूची एच’मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्रीत देता येत नाहीत. तरीही प्रतिजैविकांची सर्रास विक्री होत राहिल्याने केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २०१३ रोजी ‘अनुसूची एच-१’ अधिसूचित केली. १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधे होती. नव्या पिढीतील प्रतिजैविके, क्षयरोगावरील काही औषधे आणि सवय लावणारी काही औषधे यांचा त्यांत समावेश होता. या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. विक्री करताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते. ही वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते आणि औषध निरीक्षकाने मागितली की दाखवावी लागते.

या बंधनामागे प्राणांचा प्रश्न आहे. प्रतिजैविके अर्धवट किंवा अकारण घेतली गेली की त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार अशा प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू ओढवले. आज चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी उद्या त्याच घरातील एखाद्या नवजात बालकावर किंवा वृद्धावर निकामी ठरू शकते. विक्रेत्याचा नकार ग्राहकाच्याही हिताचा असतो तो या अर्थाने. मात्र ते हित दूरचे आणि अदृश्य असते, तर ताप अंगात असतो.

ग्राहकाची तक्रार पूर्णतः निराधार आहे असेही नाही. पुढच्या चौकातील दुकानात तेच औषध चिठ्ठीवाचून मिळते, हे त्याला अनुभवाने माहीत असते. नियम पाळणारा विक्रेता त्यामुळे हटवादी ठरतो आणि न पाळणारा माणुसकीचा. असमान अंमलबजावणीचा फटका प्रामाणिक दुकानाला असा दुहेरी बसतो. एकीकडे गिऱ्हाईक जाते आणि दुसरीकडे दोषही पदरी येतो. केरळ सरकारने अलीकडच्या वर्षांत प्रतिजैविकांच्या विनाचिठ्ठी विक्रीविरुद्ध मोहीम हाती घेतली, तेव्हा अशी औषधे चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत असा फलक औषधांच्या दुकानांत लावण्यावर भर दिला. सर्वच दुकानांत तोच फलक दिसू लागला की नकार एका विक्रेत्याचा राहत नाही.

यंत्र नाही म्हणते, ऐकून घेतो दुकानदार

रास्त भाव दुकानात प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथे नकाराचा अर्थ चूल न पेटणे असा होऊ शकतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. देशातील सुमारे ८० कोटी लोक या व्यवस्थेवर अवलंबून आहेत आणि ती चालते पाच लाखांहून अधिक दुकानांतून.

धान्य देण्याआधी ई-पॉस यंत्रावर लाभार्थ्याची ओळख पटवावी लागते. बांधकामावर, शेतात किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. वृद्धांचे ठसे उमटत नाहीत. कधी नेटवर्क नसते, कधी ‘सर्व्हर डाऊन’ असतो. ई-केवायसी पूर्ण नसल्याने एखादे नाव अडते. दुकानदार यांपैकी काहीही दुरुस्त करू शकत नाही; यंत्राने अनुमती दिली नाही तर नेहमीच्या मार्गाने धान्याची नोंदच होत नाही. रांगेत तास-दोन तास थांबलेल्या माणसाला मात्र यंत्र दिसत नाही, दुकानदार दिसतो.

आंतरराज्य सुविधेतही हेच घडते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि तेलंगण-आंध्र प्रदेश या जोड्यांतून झाली. तिच्यामुळे मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेलेल्या मजुरालाही तेथील दुकानातून धान्य उचलता येते. परंतु ही सुविधा केंद्रीय कायद्याखालील धान्यापुरतीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दिवाळीत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’सारख्या राज्याच्या योजनेतील वस्तू परराज्यात मिळत नाहीत. ‘आमच्याकडे मिळते, तुम्हीच दाबून ठेवता’ असा संशय तेथील दुकानदारावर येतो तो या फरकामुळे.

दुकानदारांविषयीचा संशय हवेतून आलेला नाही. शिधावाटपातील धान्य काळ्या बाजारात गेल्याच्या तक्रारींचा इतिहास मोठा आहे आणि ई-पॉस यंत्रे आली तीच मुळी या गळतीला आळा घालण्यासाठी. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. केंद्राच्या २०२२ मधील निकषांनुसार सर्वसाधारण राज्यांत दुकानदाराला क्विंटलमागे ९० रुपये आणि ई-पॉसद्वारे झालेल्या व्यवहारासाठी आणखी २१ रुपये मिळतात. काही राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. निकषाप्रमाणे हिशेब केला तर एका व्यक्तीच्या पाच किलो धान्यामागे हा मोबदला सुमारे साडेपाच रुपये होतो.

येथे नियमाचा दुसरा भाग ठाऊक असणे निर्णायक ठरते. झारखंडमध्ये २०१७ साली आधार जोडणीअभावी धान्य नाकारल्याचे आणि त्यातून मृत्यू ओढवल्याचे गंभीर आरोप झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळविले की केवळ आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणाने पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये आणि अशा वितरणाची नोंद अपवाद म्हणून स्वतंत्रपणे ठेवावी. म्हणजेच ओळख पटविण्याची सक्ती हा नियम आहे आणि पर्यायी मार्ग देणे हाही नियमच आहे. पहिलाच तेवढा सांगणारा दुकानदार अर्धाच नियम पाळत असतो.

पिशवी आणि मुखपट्टी

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंडात्मक कारवाई सुरू केली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठरली. दिवसभराच्या विक्रीतून काहीशे रुपये सुटणाऱ्या भाजीविक्रेत्याला पाच हजारांचा अर्थ चांगला कळतो. घरून पिशवी न आणलेल्या ग्राहकाला तो कळेलच असे नाही. केंद्राच्या नियमांनी पुढे पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पिशवी नुसत्या हाताने चाचपून किती मायक्रॉनची आहे हे सांगणे विक्रेत्यालाही शक्य नसते, तरी जाब त्यालाच द्यावा लागतो.

कोविड साथीच्या काळात ही विषमता आकड्यांतच लिहिली गेली. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२१ मधील आदेशानुसार मुखपट्टी न लावणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता. तीच व्यक्ती एखाद्या आस्थापनेच्या आवारात तशी आढळली तर आस्थापनेला १०,००० रुपये. चूक ग्राहकाची, पण दुकानाचा दंड त्याच्या वीसपट. दारावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने किंवा सेल्समनने ग्राहकाला अडविण्यामागे हे गणित होते.

पोलिसाला संरक्षण, विक्रेत्याला नाही

हेल्मेट नसलेल्या चालकाला वाहतूक पोलिसाने अडविले आणि चालकाने त्याच्यावर हात उगारला, तर लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला हल्ला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उत्तर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये ‘हेल्मेट नाही, तर इंधन नाही’ अशी महिनाभराची मोहीम राबविण्यात आली. तेथे त्याच चालकाला अडविण्याचे काम पंपावरच्या कर्मचाऱ्याकडे आले. त्याच्यावर हल्ला झाला, तर मात्र तो लोकसेवक नसल्याने हे कलम लागू होत नाही. दुखापत, शिवीगाळ किंवा धमकीची सर्वसाधारण कलमे तेवढी उरतात. काम शासनाचे, कवच मात्र खासगी नागरिकाचे, अशी ही स्थिती आहे.

दिल्लीच्या पेट्रोल पंपचालकांच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा तिचा आक्षेप याच धर्तीचा होता. अंमलबजावणीचे अधिकार आम्हाला कायद्याने दिलेले नाहीत, मग चुकून इंधन दिले गेल्यास मोटार वाहन कायद्याखाली शिक्षा आम्हाला का, असा तिचा सवाल होता.

स्कॉटलंडने या प्रश्नाला थेट उत्तर दिले आहे. तेथील संसदेने २०२१ मध्ये किरकोळ विक्री क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. विक्रेत्यावर हल्ला करणे, त्याला धमकावणे वा शिवीगाळ करणे हा त्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे आणि विक्रेता वयाची कायदेशीर अट पाळत असताना तो घडला तर गुन्ह्याचे गांभीर्य वाढते. नियम राबविण्याचे काम कायद्याने दिले असेल तर संरक्षणही कायद्यानेच द्यावे, हे तत्त्व त्यामागे आहे. कामाच्या ठिकाणच्या हिंसाचाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० वा करारही ग्राहकांसारख्या त्रयस्थांकडून होणारा त्रास विचारात घेतो. भारताने त्याला अनुमोदन दिलेले नाही.

भारतात अशी तरतूद पूर्णपणे नाही असे मात्र नव्हे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही महिलांना सुरक्षित वातावरण देण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या महिलेला ग्राहकाकडून लैंगिक स्वरूपाचा त्रास झाला, तर ‘तो गिऱ्हाईक आहे, सोडून दे’ असे म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत.

प्रत्येक ‘सरकारी नियम’ सरकारचा नसतो

ग्राहकाच्या रागाला एक कारण दुकानांनीही दिले आहे. स्वतःच्या सोयीची अट ‘सरकारी नियम’ म्हणून पुढे करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. देयक करताना मोबाइल क्रमांक देण्याची सक्ती शासनाची नाही. उलट अशी सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये सांगितले आहे. उपाहारगृहातील सेवाशुल्क हा कर नाही. ते परस्पर देयकात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे मार्गदर्शन आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरविले. दहा रुपयांचे नाणे ‘बंद झाले’ असे सांगून नाकारण्यालाही आधार नाही. सर्व नमुन्यांची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. खोटा नियम सांगणारे एक दुकान खरा नियम सांगणाऱ्या दहा दुकानांची पत घालवते.

मार्ग काय?

यावर उपाय अवघड नाहीत. नवा नियम लागू करण्यापूर्वी त्याचा अधिकृत मजकूर, दंडाची रक्कम आणि तक्रारीचा क्रमांक असलेला फलक संबंधित विभागानेच स्थानिक भाषेत पुरविला पाहिजे. पहिले काही दिवस दुकानात किंवा पंपावर शासनाचा प्रतिनिधी असला पाहिजे. दिल्लीत सुरुवातीला पोलिस व परिवहन विभागाचे कर्मचारी नेमले होते, ते याच कारणाने आवश्यक होते. नकार देताना पर्याय कोणता, हे विक्रेत्याला शिकविले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम सर्व दुकानांना सारखाच लागू झाला पाहिजे.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. नकार मिळाल्यावर हा नियम कोणाचा, तो कोठे लिहिलेला आहे आणि दाद कोठे मागायची, हे तीन प्रश्न शांतपणे विचारता येतात. खऱ्या नियमाला या तिन्हींचे उत्तर असते. शिधावाटपाच्या तक्रारीसाठी १९६७ आणि ग्राहक म्हणून अन्य तक्रारींसाठी १९१५ हे साहाय्य क्रमांक उपलब्ध आहेत. नियमच जाचक वाटत असेल तर तो बदलण्याची मागणी लोकप्रतिनिधीकडे, संबंधित विभागाकडे किंवा न्यायालयात करता येते. दिल्लीतील इंधनबंदी पुढे ढकलली गेली ती सरकार, आयोग आणि न्यायालय यांच्या पातळीवर. पंपावरच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून ती एका लिटरनेही शिथिल झाली नसती, कारण ते त्याच्या हातात कधी नव्हतेच.